आठव्या महिन्यातला आगमनकाळ

आमच्या घरात आगमनकाळ म्हणजे माझ्या बायकोचा कारभार. नाताळच्या आधीचे चार रविवार ती मुलांसाठी राखून ठेवायची. दर रविवारी संध्याकाळी एक मेणबत्ती जास्त लावायची, मुलांना मांडीवर घेऊन येशूजन्माच्या गोष्टीचा एक तुकडा सांगायचा, मग एक गाणं. ती चर्चमध्ये संडे स्कूल घेते, त्यामुळे लहान पोरांना कशात गोडी वाटते हे तिला बरोबर कळतं.

थोरली जरा कळती झाली तेव्हा बायकोने गव्हाणी सुरू केली, जन्मल्यावर येशूला निजवलं होतं तसली. बुटाच्या खोक्याची. मंगळवेढ्याहून सासूबाई येताना ज्वारीचा कडबा आणायच्या. तो कात्रीने बोटाएवढा कापून डब्यात भरलेला असायचा. दिवसभरात काही चांगलं केलं, भावाला खेळणं दिलं, न रडता केस विंचरून घेतले, की एक काडी गव्हाणीत टाकायची. येशूबाळाला मऊ लागलं पाहिजे ना! ‘गव्हाणी भरली की बाळ येतं,’ असं ती मुलांना सांगायची. नाताळच्या सकाळी मुलं उठायच्या आत त्या कडब्यावर मातीचं इवलंसं बाळ ठेवून द्यायची.

मी सांगतोय त्या वर्षी थोरली पाच वर्षांची होती, धाकटा तीन वर्षांचा, आणि बायकोला नुकताच आठवा लागला होता.

आगमनाच्या पहिल्या रविवारी आम्ही उपासनेहून घरी आलो. मी मुलांचे बूट काढत होतो. न्हाणीघरातून तिची हाक आली, “अहो, जरा इकडं या.” आवाज अगदी हळू होता. ती भिंतीला धरून उभी होती आणि फरशीवर रक्त होतं.

मुलांना शेजारच्या काकूंकडे सोडलं आणि रिक्षाने दवाखाना गाठला. डॉक्टर मॅडमनी सोनोग्राफी केली.

“वार खाली आहे, गर्भाशयाच्या तोंडावर,” त्या म्हणाल्या. “आत्ता रक्त थांबलंय, पण परत कधीही सुरू होऊ शकतं. यांना मी घरी सोडणार नाही.”

“आणि बाळ?”

“बाळाची फुफ्फुसं अजून तयार नाहीत. जेवढं आत राहील तेवढं चांगलं. आत्ता यायला नको.”

बायकोने सगळं ऐकून घेतलं. मॅडम गेल्यावर तिने माझा हात धरला. “मेणबत्ती चुकवू नका. पोरांना काही जाणवू देऊ नका.”

मी टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. यंत्रमागांच्या आवाजात फोन ऐकू येत नाही म्हणून तो शर्टाच्या खिशात, छातीला लावून ठेवायचो. तो थरथरला की तसाच बाहेर पळायचो. बहुतेक वेळा कुठल्या तरी कंपनीची जाहिरात असायची. पण ती वाचेपर्यंत मी मनातल्या मनात दवाखान्याचा जिना चढून आलेलो असायचो.

सासूबाई लगोलग आल्या, येताना नेहमीसारखा कडबाही घेऊन आल्या. त्या आल्या म्हणून घर चाललं. पण त्यांच्या मनात वेगळीच भीती होती. एक दिवस भाकरी थापता थापता त्या एकदम म्हणाल्या, “सातव्यातलं जगतं जावईबापू, आठव्यातलं जगत न्हाय म्हनत्यात. माजं पयलं आठव्यातच गेलं.”

“तसं काही नसतं, मामी,” मी म्हणालो. “मॅडम म्हणाल्या, जितके दिवस जास्त तितकं चांगलं.”

“व्हय, त्यास्नी जास्त कळतं,” त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. थोरली तिथंच उंबऱ्यावर बसून बाहुलीची वेणी घालत होती, पण तिच्याकडे आमचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या रविवारी मी मेणबत्त्या लावल्या आणि थोरलीने फुंकर मारून दोन्ही विझवल्या. मला वाटलं, आईची आठवण येत असेल. परत लावल्या, तिने परत विझवल्या आणि पलंगाखाली जाऊन बसली. पुढच्या दिवसांत ती कुणाचंच ऐकेना. ताटातलं सांडायची, आज्जीला उलट बोलायची. एकदा तर धाकट्याच्या दंडाला इतकी कडकडून चावली की व्रण उठले. धाकटा मात्र मन लावून गव्हाणी भरत होता. चप्पल जागेवर ठेवली तरी एक काडी, पाणी प्यायलं तरी एक काडी. एवढं करून गव्हाणी काही भरत नव्हती. उलट कडबा कमी कमीच होत चालल्यासारखा वाटायचा. माझं डोकं दुसरीकडेच असल्याने मी त्यात शिरलो नाही.

एका संध्याकाळी मी कामावरून दवाखान्यात जाण्याआधी घरी आलो. थोरली घरात दिसेना. ती मागच्या बाजूला, शेजारच्यांची शेळी बांधलेली असते तिथं उभी होती. मुठीतला कडबा शेळीला चारत होती.

“काय करतेस गं?”

ती दचकली. मूठ पाठीमागे लपवली.

“येशूबाळाचा कडबा आहे ना तो?”

“बाळ यायला नको,” ती म्हणाली.

“कुठलं बाळ?”

“मम्मीचं.” तिने मूठ आणखी मागे नेली. “आज्जी म्हणली की, आत्ताचं बाळ जगत नाही. आणि गव्हाणी भरली की बाळ येतं. मी काढते तर छोटा परत भरतोय. सारखा शहाण्यासारखा वागतोय!”

“म्हणून त्याला चावलीस?”

“मी वाईट वागले की काडी टाकायची नसते ना. मग गव्हाणी भरत नाही.”

मी तिथंच पायरीवर बसलो. इतके दिवस हे एवढंसं लेकरू एकट्याने आईच्या पोटातल्या बहिणीला किंवा भावाला थोपवून धरत होतं. शिव्या खात होतं, धपाटे खात होतं, पण कुणाला सांगत नव्हतं. मला म्हणायचं होतं, काही होणार नाही. तोंडाशी आलंही. पण ते खरं आहे की नाही हे मलाच माहीत नव्हतं.

“मलापण भीती वाटते,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. “तुला पण?”

“लई.”

ती माझ्या कुशीत शिरली आणि मग मात्र रडली.

तिला तसंच उचलून दवाखान्यात नेलं. लहान मुलांना आत सोडत नाहीत, पण दारावरच्या सिस्टरने तिचा चेहरा बघितला आणि म्हणाली, “पाचच मिनिटं हं.” मी बायकोच्या कानात सगळं सांगितलं. मग तिने थोरलीचा हात घेऊन पोटावर ठेवला.

“लाथ मारली!” थोरली ओरडली.

“बघ. याला गव्हाणी दिसत नाही, कडबा दिसत नाही. ती गव्हाणी येशूची. आपलं बाळ तुझ्या चांगल्या वागण्याने येत नाही आणि वाईट वागण्याने थांबत नाही. तुझ्या हातात काही नाही, राणी.”

“मग कुणाच्या हातात आहे?”

“देवाच्या. आणि मॅडमच्या.”

“त्यांनी नीट धरलंय का?”

बायकोने हो म्हटलं. तिची मान हलली, पण माझ्या मनगटावर तिची बोटं रुतली होती.

चौथा रविवार पार पडला. मला वाटायला लागलं, निभावलं. मंगळवारी दुपारी खिशातला फोन थरथरला आणि नाव दवाखान्याचं होतं.

मी पोचलो तेव्हा तिला ऑपरेशनला घेतलं होतं. सह्या केल्या, रक्ताची सोय केली आणि बाकावर बसलो. सासूबाई मागून आल्या, डोक्यावर पदर घेऊन पुटपुटत राहिल्या. मलाही प्रार्थना करायची होती, पण शब्दच जुळेनात. कान दाराला लागले होते. रडण्याचा आवाज आला नाही. दार उघडलं आणि एक सिस्टर हिरव्या कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन जवळजवळ धावतच गेली.

“काय झालं?”

“मुलगी.”

“रडली का?” मी मागून विचारलं. ती वळली नाही.

थोड्या वेळाने मॅडम आल्या. बायको सुखरूप होती. मुलगी फार लहान होती, श्वासाला मदत लागत होती. “बघू,” त्या म्हणाल्या.

घरी गेलो तर थोरली दारातच.

“बाळ आलं?”

“आलं.”

“जगलं?”

“आज आहे.”

“उद्या?”

“उद्या जाऊन बघू.”

मग हे रोजचंच झालं. नाताळला मुलांना नवे कपडे घालून चर्चमध्ये नेलं, पण पाळकसाहेब काय बोलले त्यातलं एक अक्षर आठवत नाही. फोन मुठीत होता. दुपारी काचेबाहेरून उबेच्या पेटीतल्या लेकीला बघितलं. नाकात नळी, माझ्या करंगळीएवढं मनगट. छाती खाली गेली की परत वर येईपर्यंत माझाही श्वास अडकायचा.

हळूहळू नळी निघाली. वजन धरलं. जानेवारी सरता सरता एक दिवस मॅडम म्हणाल्या, “न्या घरी.” रिक्षावाल्याला बायको प्रत्येक खड्ड्याला म्हणत होती, “दादा, हळू.” शेवटी तो बिचारा पायी चालल्यासारखा चालवायला लागला.

थोरली बाळाजवळ जायला तयार नव्हती. लांबून, दाराला टेकून बघायची. एकदा आम्ही सगळे स्वयंपाकघरात होतो तेव्हा ती ओरडत आली, “पप्पा! मम्मी! तिला काहीतरी झालं!”

मी हातातला पेला टाकून पळालो. सासूबाई पिठाच्या हाताने, बायको टाके विसरून. बाळ डोळे मिटून स्वस्थ पडलं होतं.

“काय झालं?”

“शिंकली,” थोरली कुजबुजली.

बायको मटकन पलंगावर बसली आणि पोटावर हात दाबून हसायला लागली. तिला हसताना बघून धाकटाही हसला. मी मात्र बाळाच्या नाकापुढे बोट धरून उभा होतो. ऊब लागली, तरी बोट काढलं नाही.