मास्तरांची अर्धी चाल

मास्तर शाळेत शिकवायला कधी गेले नव्हते. शिकायलाही धड गेले नव्हते. पण शिंप्याला मास्तर म्हणायची रीत आहे, म्हणून ते मास्तर. वय अडुसष्ट, कंबर छत्तीस. ती छत्तीसच आहे, हे ते गेली दहा वर्षं स्वतःच्या टेपला पटवून देत होते.

चाळीस वर्षं माणसं मापून मास्तरांना नवल करण्यासारखं बरंच सापडलं होतं. माप देताना जो तो पोट आत का घेतो? पुढे वर्षभर ते बाहेरच असणार असतं की. बहुतेकांचा एक हात दुसऱ्यापेक्षा चांगला बोटभर लांब असतो आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नसतो. गेलेल्या गिऱ्हाइकांची मापं ते वहीतून खोडत नसत. एकदा एका गृहस्थांचा कोट शिवून तयार झाला आणि गृहस्थच राहिले नाहीत. मुलगा न्यायला आला, सहज घालून पाहिला, तर बाह्या तंतोतंत. तेव्हापासून मरणाबद्दल मास्तरांचं मत जरा मवाळ झालं होतं. त्यानं फक्त शिंप्यासारखं वागावं, दिलेली तारीख कधी पाळू नये, एवढंच ते म्हणत.

मात्र आपल्याला पोचवताना काय वाजावं, हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. दुकानात काम करता करता ती एक चाल गुणगुणायची, शब्दांशिवाय. तीच चाल हवी होती. शेजारचा चष्मेवाला माउथ ऑर्गन सुरेख वाजवायचा, दोस्तीही तीस वर्षांची. मास्तरांनी त्याला चाल म्हणून दाखवली आणि मध्येच थांबले. पुढचं येतच नव्हतं.

"अर्ध्या चालीवर माणूस पोचवता येत नाही," चष्मेवाला म्हणाला. "वाटेत कुठे उतरवू तुला?"

मास्तर हसले खरे, पण त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. अलीकडे पहिली अर्धी चालही कुठे कुठे उसवायला लागली होती. ती सगळी गेली तर बायको दुसऱ्यांदा जाणार, याची त्यांना मनापासून भीती वाटत होती.

मग शोध सुरू झाला. जुन्या गाण्यांच्या दुकानात जाऊन ते गुणगुणले, तर दुकानदारानं सर्दीवर काढा सुचवला. मेहुणीला फोन केला, ती म्हणाली, ताईला गाताना मी जन्मात ऐकलं नाही. दुकान आता लेक सांभाळायची, तिलाही चारदा विचारून झालं. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही, आई काहीतरी गुणगुणायची एवढंच आठवतं, असं तिनं सरळ सांगून टाकलं.

अशात एका सभागृहाच्या पडद्यांचं काम आलं. अकरा खिडक्या, अकरा पडदे, छतापासून जमिनीपर्यंत. मास्तर मशीनवर बसले आणि लेक खाली बसून पडद्याची कड दुमडत टाचण्या लावू लागली. मध्येच दोरा तुटला, मशीन थांबलं, आणि मास्तरांच्या कानावर ती चाल पडली.

लेकीच्या ओठांत टाचण्यांची रांग होती. तोंड बंद, नजर कापडावर, आणि नाकातून चाल चाललेली. बायकोही तिथेच, तशीच बसायची. तोंडात टाचण्या, म्हणून शब्द नाहीत. लांब कामांना मास्तरांचं मशीन धडधडत असायचं. ते थांबायचं फक्त एखादं गिऱ्हाईक पँटची उंची कमी करायला उभं राहिलं की, आणि तिथे आठ टाचण्यांत काम संपायचं. मास्तरांनी जन्मभर ती चाल पँटच्या मापानं ऐकली होती, आणि चाल होती पडद्याच्या मापाची. लेक मात्र शाळेतून आली की आईला चिकटून बसायची. टाचण्या धरायला शिकली, तेव्हाच हेही उचललं असणार.

मास्तर हातात दोरा धरून तसेच बसले. चाल त्यांच्या ओळखीच्या जागेपर्यंत आली, तिथे न थांबता वर चढली, एक झकास वळण घेऊन सावकाश खाली उतरली. इतकं सुंदर असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

पडदा संपला. लेकीनं उरलेल्या टाचण्या तोंडातून काढल्या.

"बाबा, मशीन का थांबलंय? काय झालं?"

"तू आत्ता काय म्हणत होतीस?"

"मी कुठे काय म्हणत होते? तोंडात टाचण्या होत्या माझ्या."

मास्तरांनी टाचण्यांची डबी तिच्यापुढे सरकवली, दुसरा पडदा तिच्या मांडीवर ठेवला आणि दाराशी जाऊन चष्मेवाल्याला हाक मारली.

"माउथ ऑर्गन घेऊन ये. आत आलास की अवाक्षर काढू नकोस, नुसता बसून ऐक. अजून दहा पडदे आहेत."