टिपणीस मॅडमच्या नऊ डब्या

पहिल्याच दिवशी मी टिपणीस मॅडमना म्हटलं, "मॅडम, लिफ्ट बंद आहे." त्या म्हणाल्या, "कशावरून?" मी म्हटलं, "मी इथला वॉचमन आहे ना." "हा पुरावा नाही," म्हणाल्या, जाऊन बटण दाबलं, आणि लिफ्ट आली. बंद होती ती दुसऱ्या विंगची.

मी साताऱ्याकडचा. चौथीनंतर शाळेनं मला सोडलं, मी शाळेला नाही. पण संशय घ्यायला शिक्षण लागत नाही. नेरूळच्या आमच्या सोसायटीत मॅडम एकट्या राहायच्या, कॉलेजातून रिटायर झालेल्या, दार कायम बंद. त्यांच्याकडे कच्छवरून गोण्या यायच्या. उचलायला जावं तर दगडासारख्या जड.

"काय आहे यात?"

"गोगलगायी. समुद्रातल्या."

"मेलेल्या?"

"फार पूर्वी."

घ्या! न्हावा शेवा बंदर इथून किती लांब? मी सेक्रेटरींना गाठलं, "साहेब, मामला स्मगलिंगचा वाटतो." ते म्हणाले, "जाधव, काल तुझ्या समोरून माझी सायकल गेली. आधी ती शोध."

शेवटी मॅडमनीच वर बोलावलं. "गोण्यांकडे असे बघता, जसं काही आत प्रेत आहे. या, बघून घ्या." टेबलावर नुसत्या प्लास्टिकच्या डब्या. प्रत्येकीत शेंगदाण्याएवढी एक गोगलगाय, पार दगड झालेली. अंगावर नंबर लिहायलाही जागा नाही, म्हणून सोबत इंग्रजी चिठ्ठी, जमिनीच्या कुठल्या थरात सापडली त्याची. जुन्या विद्वानांनी सगळ्यांना एकाच प्रजातीत कोंबलं होतं. मॅडमना ते पटत नव्हतं. काहींच्या तोंडात आतून दोन बारीक पट्ट्या होत्या, आणि तसल्या सगळ्या खालच्या थरातल्या. वरच्या थरात एकही नाही.

"प्रजाती म्हणजे आडनाव समजा, जाधव. या चुकून दुसऱ्याच्या घरात गेल्यात. यांना यांचं आडनाव द्यायचंय."

"मग द्या की. कोण अडवतंय?"

"मीच. अकरा वर्षं. आधी माझा संशय फिटू दे."

माझा काही फिटला नव्हता. एवढी शिकलेली बाई अकरा वर्षं शेंगदाणे बघत बसेल? डबीच्या तळाशी नक्की काहीतरी असणार.

मॅडम मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेल्या, तेव्हा तुळशीला पाणी घालायला किल्ली माझ्याकडे दिली. दुपारी तुळशीला पाणी घातलं आणि डब्या उघडल्या. नऊ उघडून झाल्या. हिरा नाही, सोनं नाही. तेवढ्यात गेटवर कुणीतरी हॉर्न मारला, मी दचकलो, कोपर लागलं आणि नवाच्या नऊ टेबलावर सांडल्या. इंग्रजी येत नाही, मग डोकं चालवलं. मोठ्या गोगलगायीला मोठी चिठ्ठी, बारकीला बारकी. काम एवढं झक्कास जमलं की स्वतःलाच शाबासकी दिली.

पुढे काही दिवसांनी पार्सल द्यायला वर गेलो, तर मॅडम टेबल आवरत होत्या.

"मी चुकले, जाधव. आता नीट दिसतंय म्हणून सगळ्या परत तपासल्या. पट्टीवाल्या वरच्या थरातही निघाल्या. म्हणजे वेगळ्या नाहीतच. ऑपरेशनआधी धीर करून लेख पाठवला होता, तो परत मागवतेय. म्हातारपणी भ्रम झाला, दुसरं काय!"

मी पार्सल खाली ठेवलं. "मॅडम, चिठ्ठ्या मी बदलल्या."

"कशावरून?"

आता चोर स्वतः सांगतोय, तरी बाईंना पुरावा पाहिजे! वर म्हणतात, "मला बरं वाटावं म्हणून बोलताय. कुणी शिकवलं तुम्हाला?" मी तुळशीची शपथ घेतली. ती चालली नाही. शेवटी किती डब्या ते विचारून त्यांनी एकेक चिठ्ठी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. बराच वेळ बघत होत्या.

"तंबाखू खाता?"

"चुना लावून."

"दिसतोय. बरोब्बर नऊ चिठ्ठ्यांवर." चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही मूर्ख आहात, जाधव."

"हो मॅडम. याला पुरावा नको ना?"

"नको."

पण कुणाची चिठ्ठी कुठली, ते काही कळेना. बाकीच्यांची चित्रं वहीत होती, या नऊ जणींची काढायची राहिली होती. टोक शाबूत असलेली सगळ्यात देखणी गोगलगाय त्यांच्यातच होती. मॅडमनी नऊ बाजूला ठेवल्या आणि उरलेल्यांवर सगळं परत तपासलं. पट्टीवाल्या खालच्या थरातच निघाल्या. नवीन प्रजातीला नाव मिळालं, लेख छापून आला. मला त्यातली एक ओळ मराठीत करून वाचून दाखवली: लेखिकेच्या निष्काळजीपणामुळे चिठ्ठ्या बदलल्या गेल्या, म्हणून नऊ नमुने वगळले आहेत.

"मॅडम, हे खोटं लिहिलंत!"

"किल्ली कुणी दिली होती?"



गेल्या वर्षी मॅडम वारल्या. सगळा माल संग्रहालयात द्यायचा म्हणून पुण्याहून भाची आली. नऊ डब्या हातात घेऊन म्हणाली, "काका, या मावशीनं वगळलेल्या ना? टाकून देऊ?"

"टाकायच्या नाहीत. आधी एक कागद घे आणि लिही. चिठ्ठ्या मॅडमनी नाही, वॉचमन जाधवनं बदलल्या. डब्या उघडायचं त्याला काही कारण नव्हतं."

"अहो काका, आता कोण विचारणार आहे?"

"मॅडमसारखं एखादं येईलच की."

तिनं लिहिलं. मराठी मला वाचता येतं. बोट ठेवून एकेक शब्द वाचला. तिनं मधेच "चुकून" घातलं होतं. ते खोडायला लावलं आणि मग सही केली.