करड्या गाडीत पेट्रोल

पंपावर सगळे तिला वहिनी म्हणत. मॅनेजर तिच्यापेक्षा वयाने मोठा, तोही वहिनीच म्हणायचा. टायरात हवा भरणारे काका तर तिच्या वडिलांच्या वयाचे, तरी त्यांच्याही तोंडी तेच. ती कामावर लागली त्या दिवशी धाकटा दीर तिला सोडायला आला होता. जाताना त्याने फाटकातून "येतो गं वहिनी" अशी हाक मारली, आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

पंप गावाच्या अगदी टोकाला होता. त्याच्यापुढे एक टायरवाला, एक बंद पडलेला वजनकाटा, आणि मग सरळ घाट. घाटातून पलीकडच्या शहराला जाणारी माणसं इथे थांबून टाकी भरून घेत, कारण वर माथ्यापर्यंत एखादी टपरी सोडली तर काहीच नव्हतं. होता तो एक बोगदा.

घरी नवरा शिलाई मशीनवर लोकांचे कपडे आखूड-लांब करून द्यायचा. वहिनी संध्याकाळी दारात आली की सासूबाई आतून ओरडत, "आली बघा आमची टाकी! हिच्याजवळ कुणी काडी ओढू नका रे!" यावर सगळ्यांत मोठ्याने वहिनीच हसायची. अंगाला येणारा पेट्रोलचा वास तिला स्वतःला कधीच जाणवेनासा झाला होता.

तशी ती भित्री बाई. लिफ्टमध्ये एकटी जायची नाही. पाळलेलं कुत्रंसुद्धा दिसलं की रस्ता बदलायची. नवऱ्याने हौसेने जुनी मोपेड घेऊन दिली होती, ती घर ते पंप आणि पंप ते घर एवढीच चालवायची, तीही कडेकडेने. एकदा दिरासोबत मोटारीतून घाटात गेली होती, तेव्हा सगळा वेळ डोळे मिटून बसली होती. पण पंपावर मात्र ती भीत नसे. तिथे तिचे हात तिच्याआधी चालत. झाकण, नोझल, आकडा, झाकण, पैसे. नवीन मुलींना ती सांगायची, "तोंडाने विचारा, डोळ्याने वाचा, मग हात लावा."

त्या दिवशी सकाळची गर्दी ओसरली होती. एक उंच, करड्या रंगाची गाडी येऊन तिच्यासमोर थांबली. चालवणारा माणूस घाईत उतरला, "फुल करा" एवढं म्हणाला आणि तडक स्वच्छतागृहाकडे गेला. मागच्या सीटवर एक बाई खिडकीला डोकं टेकून झोपली होती, आणि तिच्या पलीकडे तीनेक वर्षांचं पोर काचेला नाक चिकटवून उभं होतं. नाकाचं पार भजं झालं होतं. त्याने वहिनीकडे बघून जीभ काढली. वहिनीने गाल फुगवले. त्याने डोळे तिरळे केले, मग वहिनीनेही केले. पोर हसून हसून सीटवर कोसळलं आणि परत उठून उभं राहिलं. तेवढ्यात टाकी भरलीसुद्धा. तो माणूस रुमालाने हात पुसत आला, रोख पैसे दिले, आणि गाडी घाटाच्या दिशेने निघून गेली. पोराने मागच्या काचेतून हात हलवला. वहिनीनेही हलवला.

नंतर दुधाचा टेम्पो आला. टेम्पोवाला रोजचाच. "डिझेल, वहिनी."

तिने डिझेलचं नोझल उचललं आणि टाकीच्या तोंडात घातलं. ते जाड असतं, घट्ट बसतं. ते तसं घट्ट बसलं आणि वहिनीचा हात तिथेच थांबला.

मघाशी नोझल सैल बसलं होतं.

मघाशी, त्या करड्या गाडीच्या टाकीत, पेट्रोलचं बारीक नोझल लडबडत होतं. हाताला ते कळलं होतं, पण डोकं त्या पोराच्या नाकात अडकलं होतं. आणि आता तिला झाकणाच्या आतली लाल अक्षरंही आठवली. ती तिने पाहिली होती. पाहिली होती, पण वाचली नव्हती. डिझेल.

पाठीवरून घामाची एक धार सरसरत खाली गेली. टेम्पोवाला काहीतरी म्हणत होता, ते तिला पाण्याखालून यावं तसं ऐकू येत होतं.

"काका," ती हवेच्या मशीनपाशी जाऊन म्हणाली. "काका, मी त्या करड्या गाडीत पेट्रोल भरलं. डिझेलची गाडी होती."

काकांनी हातातली नळी खाली ठेवली. आधी त्यांनी मॅनेजरच्या खोलीकडे पाहिलं. खोलीला कुलूप होतं, मॅनेजर बँकेत गेला होता.

"किती?"

"फुल."

"अगं बाई." काका आवाज खाली घेऊन म्हणाले, "गेली ना गाडी? मग गप्प राहा. बंद पडेल कुठेतरी. त्यांना वाटेल, गाडीतच काही बिघाड. रोख दिले ना? मग झालं तर."

"कुठे बंद पडेल, काका?"

याचं उत्तर काकांना ठाऊक होतं, आणि तिलाही. नळ्यांमध्ये जुनं डिझेल उरलेलं असतं, त्यावर गाडी थोडी पळते. मग आवाज करायला लागते, ओढत नाही, आणि चढावर मान टाकते. इथून पुढे सगळा चढच होता. वळणं अशी, की वरून येणाऱ्याला खालचं दिसत नाही आणि खालून जाणाऱ्याला वरचं. आणि मग बोगदा.

तिने महामार्गाच्या मदतीचा नंबर लावला. एक गोड आवाज म्हणाला, तुम्ही रांगेत आहात. थोडं संगीत वाजलं. पुन्हा तोच गोड आवाज.

वहिनीने फोन तसाच खिशात टाकला आणि मोपेडची किल्ली काढली.

"वेडी झालीस का?" काका म्हणाले. "तू आणि घाटात? ह्या खटाऱ्यावर?"

"तुम्ही टेम्पोचं बघा. आणि तो नंबर तुम्हीही लावत राहा."

घाटाचा रस्ता नंतर तिला नीट आठवेना. आठवत होते ते फक्त तुकडे. ट्रक शेजारून गेला की मोपेड सबंध थरथरायची आणि तिचे दात एकमेकांवर वाजायचे. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला कठड्याचे दगड, आणि कठड्यापलीकडे नुसती हवा. ती तिकडे बघत नव्हती, तरी ते तिच्या डाव्या अंगाला जाणवत होतं. जीव मुठीत धरून चालवणं म्हणजे काय, हे तिला त्या दिवशी कळलं. दर वळणावर तिला वाटे, आता दिसेल. गाडी दिसेल, नाहीतर गाडीचं काय झालं ते दिसेल. वळण संपलं की रस्ता रिकामा. आणि रिकामा रस्ता बघून हायसं वाटायच्या ऐवजी ती आणखीच घाबरायची, कारण याचा अर्थ गाडी अजून वर आहे.

मधे एका चहाच्या टपरीपाशी तिने मोपेड न थांबवताच ओरडून विचारलं, "करडी गाडी गेली का?"

"गेली की! जाम खोकत होती. धूर किती!"

मोपेड चढावर धापा टाकत होती. तिने पाय खाली टेकून ढकलायलाच सुरुवात केली, जणू त्याने वेग वाढणार होता.

मग बोगद्याचं तोंड आलं. आतले निम्मे दिवे गेलेले. वर पिवळट उजेडाचे ठिपके, खाली अंधार. ती तोंडाशी थांबली. थांबायचं काही कारण नव्हतं, पाय पुढे जाईनात एवढंच. आतून एक आवाज येत होता. गाडीची किल्ली फिरवल्यावर इंजिन घरघरतं आणि उठत नाही, तो आवाज. थांबायचा, आणि पुन्हा यायचा.

वहिनी आत शिरली.

बोगदा मध्यावर वळत होता, तिथे बाक होता. त्या बाकाच्या जेमतेम पुढे, ट्रक आल्यावर जिथे ट्रकवाल्याला शेवटच्या क्षणापर्यंत काही दिसू नये नेमकी तिथे, करडी गाडी उभी होती. मागचे दिवे मरतुकडे लुकलुकत होते. बाई आणि पोर आतच होती. तो माणूस दार उघडं टाकून किल्ली फिरवत होता.

"उतरा!" वहिनी ओरडली. "बाई, लेकराला घेऊन उतरा! आधी उतरा!"

"तुम्ही कोण?" माणूस दचकून म्हणाला. "गाडी आत्ता चालू होईल, जरा..."

"नाही होणार! ती किल्ली सोडा! उतरा म्हणते ना!"

बाईने मात्र काही विचारलं नाही. तिने पोराला उचललं आणि खाली उतरली. वहिनीने दोघांना भिंतीला लावून पुढे ढकललं. "तिकडे उजेडाकडे जा. भिंत सोडू नका." आणि तेवढ्यात पायाखालची जमीन गुरगुरायला लागली. मागून काहीतरी जड येत होतं.

ती बाकाच्या अलीकडे पळाली. अंगात पंपाचं नारिंगी जाकीट होतं, चमकत्या पट्ट्यांचं. उन्हाळ्यात ते नकोसं होतं म्हणून ती रोज कुरकुरायची. तिने ते काढलं आणि डोक्यावर धरून हलवायला लागली. समोर दोन दिवे उगवले आणि मोठे होत गेले. ती ओरडत होती, पण बोबडी वळली होती, तोंडातून नुसती हवा येत होती. रस्त्याच्या मधे उभं राहावं की कडेला पळावं हे तिला ठरवता आलं नाही, म्हणून ती मधेच राहिली. पुढे लोक तिला धीराची बाई म्हणाले तेव्हा तिने हेच सांगितलं, की मला हलताच आलं नाही हो.

ब्रेक लागले. तो आवाज बोगद्यात असा भरला की तिने डोळे घट्ट मिटले. रबर जळल्याचा वास आला. मग एक दार उघडल्याचा आवाज, आणि एक शिवी, आणि मग, "बाई, मरायला आलात का?"

तिने डोळे उघडले. ट्रकच्या जाळीवर चिकटलेले किडे दिसत होते, इतका तो जवळ होता.

"पुढे गाडी बंद पडलीय," ती म्हणाली आणि तिथेच रस्त्यावर बसली.

ट्रकवाल्याने बाकापलीकडे जाऊन पाहिलं, आणि परत आला. त्याने आपले दिवे लुकलुकते ठेवले, मागून येणाऱ्या गाड्या थांबवल्या, आणि चारपाच जणांनी मिळून करडी गाडी ढकलत बोगद्याबाहेर काढली.

बाहेर लख्ख ऊन होतं. तो माणूस शर्टाने तोंड पुसत म्हणाला, "तुम्ही अगदी देवासारख्या आलात हो. पण तुम्हाला कसं कळलं?"

वहिनीच्या मनात आलं, म्हणावं, इथूनच जात होते. कुणालाच काही कळलं नसतं. ते वाक्य तोंडापर्यंत आलंही. मग तिने त्या बाईकडे पाहिलं. ती पोराला छातीशी धरून दगडावर बसली होती आणि त्याला पुन्हा पुन्हा चाचपून बघत होती.

"मी पंपावरची," वहिनी म्हणाली. "तुमच्या गाडीत मी डिझेलऐवजी पेट्रोल भरलं. माझ्या हातून झालं. नंतर लक्षात आलं."

माणसाला आधी ते समजलंच नाही. समजलं तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला, आणि तो जे बोलला ते सगळं वहिनीने मान खाली घालून ऐकलं. माझी बायको, माझं पोर, तुम्हाला वाचता येत नाही का, कोण ठेवतं तुम्हाला कामावर. एकही शब्द तिला खोटा वाटला नाही. ट्रकवाला मधे पडायला गेला तर तिनेच त्याला हाताने थांबवलं.

खालून क्रेन आली. करडी गाडी मागे अडकवली, मोपेड वर चढवली. माणूस क्रेनच्या मागच्या भागात जाऊन बसला. पुढे चालवणाऱ्याच्या शेजारी बाई, तिच्या मांडीवर झोपलेलं पोर, आणि दाराशी वहिनी. झोपेत पोराचा पाय वहिनीच्या मांडीवर आला. तिने तो हलवला नाही, आणि त्याला हातही लावला नाही. तो हक्क आपल्याला नाही असं तिला वाटत राहिलं.

शेवटचं वळण उतरताना बाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हे तिथेच बसून किल्ली फिरवत राहिले असते. ह्यांना मी दोनदा म्हटलं, आपण उतरू या. ऐकलं नाही." एवढंच. त्यात माफी होती की नुसती नवऱ्यावरची तक्रार होती, ते वहिनीला आजही सांगता येत नाही.

गॅरेजवाल्याने टाकी रिकामी केली, नळ्या धुतल्या, फिल्टर बदलला. इंजिन वाचलं. खर्च पंपाने सोसला. मॅनेजरने तिला खोलीत बोलावलं, बराच वेळ खुर्चीत मागेपुढे झुलत राहिला आणि म्हणाला, "वहिनी, काही महिने तुम्ही हवेवर बसा." काका तिच्या जागी जायला तयार नव्हते, तरी त्यांना जावं लागलं. ते जाता जाता पुटपुटले, "सांगितलं होतं, गप्प राहा म्हणून." पण त्या दिवशी मदतीचा नंबर त्यांनीच लावून धरला होता, आणि क्रेन त्यांच्याच फोनवर आली होती.

त्या संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा सासूबाई नेहमीप्रमाणे ओरडायला तोंड उघडून बसल्या होत्या. सुनेचा चेहरा बघून त्यांनी ते मिटलं. नवरा मशीनवरून उठला. "काय झालं?"

तिने सगळं सांगितलं, पहिल्यापासून. सांगताना आवाज नीट होता. ट्रकपर्यंत आली आणि तिथे मात्र अडली. हातात पाण्याचा पेला होता, तो एवढा हलायला लागला की पाणी तिच्या मांडीवर सांडलं. नवऱ्याने पेला काढून घेतला. सासूबाई जवळ सरकल्या आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरून बसल्या. "हलू दे," त्या म्हणाल्या. "हलू दे, पोरी. थांबतील आपोआप."

हात थांबायला खूप वेळ लागला. तोवर सासूबाईंनी ते सोडले नाहीत.