बाईंच्या नवऱ्याचं गाव

त्या वर्षी आमच्यासारखे विद्यार्थी विमानं भरभरून मेलबर्नला येत होते. मला खोली मिळाली ती ग्लेन वेव्हर्लीत, एका म्हाताऱ्या स्कॉटिश बाईंकडे. जवळच्या हॉलमध्ये दर महिन्याला स्कॉटिश नाच असत आणि प्रत्येक नाचाचं नाव, बहुधा स्कॉटलंडमधल्या एखाद्या गावाचं, त्या माइकवर पुकारत. हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. त्या सावरल्या, पण बोलताना अडखळू लागल्या.

"या खेपेला तू पुकार," त्या म्हणाल्या. "शेवटचा नाच माझ्या नवऱ्याने बसवलेला आहे. तो गेल्यापासून पहिल्यांदाच होणार. नाव नीट घे."

मी नको म्हणायला हवं होतं. पण मी पडले पुण्याची. 'येत नाही' हे आमच्या तोंडून निघत नाही.

जेवणाच्या टेबलावर त्या एकेक नाव दोन-तीनदा अडखळून म्हणायच्या आणि मी छापील इंग्रजी यादीत त्यापुढे देवनागरीत लिहून घ्यायचे. लिहायचं एक, म्हणायचं भलतंच! इंग्रजीत मिलन्गावी दिसणारं गाव तोंडात 'मल्गाय' व्हायचं. शेवटच्या नावाशी मात्र बाई थांबल्या. ते त्यांच्या नवऱ्याचं गाव. ओठ नुसतेच हलले आणि त्यांनी यादी बाजूला सारली.

मी पुन्हा विचारलं नाही. माझ्या आईने बाबांचं नाव उखाण्याबाहेर कधी घेतलं नाही. इथेही तसंच काही असणार, असं मी ठरवून टाकलं. वर स्वतःच्या समजूतदारपणावर खूशही झाले. त्यानंतर रोज सकाळी बाथरूममधून त्यांचं पुटपुटणं ऐकू यायचं. प्रार्थना असेल म्हणून मी दारापासून लांब व्हायचे.

नाचाच्या दिवशी माझी कामावरची शिफ्ट लांबली. हॉलवर धावतपळत पोचले, कुणाला विचारायला वेळच उरला नाही. एकेक नाव बरोबर जात होतं. मग शेवटचं आलं. कागदावर तेवढंच नुसतं इंग्रजीत होतं. जसं दिसलं तसं वाचलं, "स्ट्रॅथॅव्हन."

जोड्या उभ्याच राहिल्या. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पहिल्या रांगेतून बाई खुर्चीचा हात धरून उठल्या.

"स्ट्रे... स्ट्रे..."

आवाज अडकला. अख्खा हॉल वाट बघत होता. मी मात्र तो आवाज ओळखला. रोज सकाळचा, बाथरूममधला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"स्ट्रेव्हन," त्या म्हणाल्या, आणि व्हायोलिन सुरू झालं.

परतताना बसमध्ये मी सॉरी म्हटलं.

"तू पुन्हा विचारशील," थांबत थांबत त्या म्हणाल्या, "म्हणून रोज तयारी करत होते."