एका नांगीचा खेकडा

फियुमिचिनोच्या कालव्याकाठी नेविया स्कोत्तीचं मासळीचं टेबल लागलं नाही, की लोक आधी आभाळाकडे बघायचे. वारा सुटलेला असणार, होड्या बांधलेल्या असणार. घराण्याचा नियमच तसा होता. आपल्या ‘असुंता’ होडीतून उतरेल तेवढंच विकायचं, नाहीतर टेबल धुऊन उलटं ठेवायचं. नियम घातला होता तिच्या बापाने, ओरेस्तेने, आणि असुंता हे त्याच्या बायकोचं नाव. बायको गेली, होडी राहिली. ऐंशी ओलांडल्यावर म्हाताऱ्याने होडी जावयाच्या, पिनोच्या हाती दिली आणि स्वतः टेबलाशेजारी खुर्ची टाकून जाळी सांधत बसू लागला. एखाद्या गिऱ्हाइकाने मासा उलटासुलटा करून नाक मुरडलं की तो एवढंच म्हणायचा, “आमचाच आहे.” त्यापुढे कुणी घासाघीस करत नसे.

नेविया पन्नाशीची, अंगाने भरलेली आणि जिभेने तिखट. आमच्याकडची अर्धी घरं रोमच्या विमानतळावर जगतात आणि अर्धी मासळीवर, आणि दोन्ही बाजू एकमेकांना नावं ठेवत एकाच टेबलावर जेवतात. विमानतळावर कामाला जाणाऱ्या बायकांना नेविया मुद्दाम अडवून विचारायची, जन्मभर लोकांच्या बॅगा ढकलताय, स्वतः कधी उडालात का? आपण समुद्रावर जगतो याचा तिला भारी तोरा होता. म्हणून तर पुढे तिला तोंड लपवायला जागा उरली नाही.

सुरुवात झाली एका लग्नाच्या जेवणावरून. नेविया लेप्याच्या, त्या चपट्या मासळीचा शब्द देऊन बसली आणि नैर्ऋत्येचा वारा काही पडेना. तिचा मावसभाऊ सेत्तिमिओ विमानतळाच्या मालगोदामात होता. तो म्हणाला, सेनेगलहून लेप्याची खोकी रोज उतरतात, एखादं मिळवून देतो, त्यात काय एवढं. रोमन सम्राटांच्या काळचं जुनं बंदर गाळाने भरून कधीच समुद्रापासून लांब पडलंय. तिथे आता एक तळं आणि त्याभोवती कुंपण आहे. त्या कुंपणापाशी त्याने गाडी लावली आणि थर्माकोलचं खोकं तिच्या टेम्पोत सरकवलं. डोक्यावरून विमानं उतरत होती. नेवियाने मनाची समजूत घातली, की याच बंदरात आफ्रिकेचा गहू उतरायचा, अख्खं रोम तो खायचं, तेव्हा कुणाला लाज वाटली होती? माणसाला स्वतःची फसवणूक करायची असली की सम्राटसुद्धा मदतीला येतात.

एकदा केलेलं पुन्हा केलं, मग अंगवळणी पडलं. समुद्रात मासळी कमी होत चालली होती, आणि ‘असुंता’ रोज जाऊनही कधी अर्धी टोपली घेऊन परतायची. नेविया विमानातून आलेली मासळी समुद्राच्या पाण्यात खळबळून काढायची, होडीच्या क्रेटमध्ये लावायची आणि वर ओलं शेवाळ पसरायची. नवऱ्याला कळत होतं. तू टेबल बघ, मी समुद्र बघतो, असं म्हणून पिनो मोकळा झाला. सगळ्यात वर ती एक जिवंत खेकडा ठेवायची. जाळ्यातल्या मासळीत असा एखादा चुकून येतोच. खेकडा लेप्यांवरून तिरका चालू लागला की पोरं हसायची, आयांचा संशय फिटायचा. दुकान आवरताना खेकडा टेबलाखालच्या बादलीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मासळीवर. एवढी हुशार बाई, पण खेकडा बदलायचा आळस नडला.

ऑगस्टच्या सुरुवातीला, भर गर्दीत, शेजारच्या होडीचा इवानो टेबलापाशी येऊन थांबला. जिभेला हाड नसलेला पोरगा.

“नेवियाताई, तुमच्या खेकड्याला एकच नांगी आहे.”

“मग? तुला काय दोन लागतात?”

लोक हसले. इवानोही हसला. “तसं नाही. मंगळवारी हाच होता. त्याच्या आधीही हाच. रोज बिचारा तुमच्याच जाळ्यात येतो. की हाही विमानानेच येतो?”

हसू थांबलं. नेविया तराजूकडे बघू लागली. तेवढ्यात खुर्ची करकरली. ओरेस्ते उठला, डोक्यावरची टोपी काढली, धक्क्याच्या कडेला जाऊन होडीवर रंगवलेल्या नावावर हात ठेवला.

“असुंताची शपथ,” तो म्हणाला. “या टेबलावरचा एकेक मासा हिच्यातून उतरलाय.”

मेलेल्या बायकोची शपथ, तीही ओरेस्तेने घेतलेली. इवानोने मान खाली घातली, आणि संध्याकाळी वाइनची बाटली घेऊन घरी येऊन माफी मागून गेला. नेवियाने त्याला पेला भरून दिला. एक शब्द बोलायचा होता, तो तिने गिळला. त्या रात्री तिला स्वतःचीच किळस आली.

खरी शिक्षा पुढेच होती. झालेल्या बोलाचालीची भरपाई म्हणून कोळ्यांनी ठरवलं, यंदा ऑगस्टच्या मध्यावरच्या सणाला मारियामातेची मूर्ती ‘असुंता’मधून समुद्रात न्यायची. याहून मोठा मान आमच्याकडे नाही. म्हातारा हरखून गेला. होडी घासून त्याने स्वतः रंगवायला घेतली. थरथरत्या हाताने बायकोच्या नावातलं एकेक अक्षर गिरवायचा आणि हाक मारायचा, “बघ गं पोरी, तुझ्या आईचं नाव नीट आलंय ना?” नेविया बघायची, छान आलंय म्हणायची आणि आत निघून जायची. सेत्तिमिओला तिने पुन्हा फोन केला नाही. खेकडा मात्र बादलीत तसाच होता. त्याला पाण्यात सोडताना कुणी पाहिलं तर, या भीतीने तिला तेही जमेना.

सणाच्या दुपारी बापाच्या शर्टाचं वरचं बटण लावता लावता तिने सांगून टाकलं. खोकी, कुंपण, खेकडा, सगळं. ओरेस्ते खाटेवर बसला.

“पिनोला ठाऊक होतं?”

“हो, बाबा.”

“म्हणजे मी एकटाच होतो.”

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने कोट घातला आणि काठी घेऊन निघाला.

धक्क्यावर बँड वाजत होता, मूर्ती खांद्यांवर आली होती. ओरेस्तेने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मग इवानोसमोर टोपी काढून तो वाकला. “पोरा, तू खरं बोललास. माझी शपथ खोटी निघाली. मातेला माझ्या होडीत नेऊ नका.”

मुलीचं नाव त्याने घेतलं नाही. त्या पोरसवद्या इवानोपुढे वाकलेली बापाची पांढरी मान पाहून नेवियाला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. ती गर्दीतून पुढे घुसली.

“मासे मी आणत होते,” ती म्हणाली. “त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी शपथ घेतली तेव्हाही मी गप्प बसले.”

 इवानोने म्हाताऱ्याचा हात धरला, “या काका, माझ्या होडीत या,” म्हणाला आणि त्याला जपून चढवून घेतलं. मूर्तीही त्याच होडीत गेली. नेवियाला कुणी वाईट बोललं नाही, आणि चल असंही कुणी म्हटलं नाही. एकेक होडी कालव्याच्या तोंडातून बाहेर पडली. नव्या रंगाची ‘असुंता’ जागच्या जागी डुलत राहिली, आणि नेविया रिकाम्या टेबलाशी उभी राहिली.

बुडालेल्या कोळ्यांसाठी फुलांचा हार समुद्रात सोडून होड्या परतल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. ओरेस्ते टेबलापाशी आला आणि हातातली टोपी त्यावर ठेवली.

“तो खेकडा कुठाय?”

तिने टेबलाखालची बादली ओढून काढली. ती स्वतःच सोडायला निघाली, तसं त्याने बादली तिच्या हातून काढून घेतली, एकेक पायरी उतरून खेकडा पाण्यात सोडला आणि हात धुतले. मग तो घराकडे निघाला. एरवी घरी जाताना तो लेकीच्या खांद्यावर हात ठेवून चालायचा. आज नेवियाने सवयीने खांदा पुढे केला, तर त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली आणि भिंत धरली. त्याची टोपी टेबलावर राहिली होती. ती उचलून नेविया त्याच्या मागून घरापर्यंत चालत गेली.