कागदावरचं कुंकू

त्या लाल ठिपक्यांचं प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. महायुद्ध चालू होतं आणि मी पारनेर ठाण्यात फौजदार होतो. चळवळीचे दिवस. भिंतीवर दिसेल त्या खुणेची नोंद स्टेशन डायरीत झालीच पाहिजे, असा वरून सक्त हुकूम होता. कोणी कोळशाने मांजर काढलं तरी आमचे हवालदार त्यात कट शोधत.

त्याच सुमारास नगरच्या एका निराधार महिलांच्या आश्रमाने मदत मागण्याची नवीच तऱ्हा काढली. तोवर अशा संस्था बारीक अक्षरांची पत्रकं वाटत आणि लोक त्यांत शेंगदाणे बांधून नेत. या आश्रमाचे चिटणीस निवृत्त मास्तर, पण डोकेबाज. त्यांनी मोठ्या कागदावर एका तरुण विधवेचा फोटोच छापून घेतला. कपाळ मोकळं, गळा मोकळा, नजर थेट बघणाऱ्याकडे. खाली एकच ओळ : ‘ही तुमची लेक असती तर?’ हे कागद बाजारतळावर, मोटार स्टँडवर, चावड्यांवर लागले. बायका समोर उभ्या राहून डोळे पुसत. आश्रमाकडे ज्वारीची पोती जाऊ लागली.

मोटार स्टँडवरचा चहावाला आमचा खबऱ्या होता. दर बाजारच्या दिवशी त्या फोटोंवर लाल ठिपका उमटतो, पावसाने गेला तरी पुढच्या बाजारी पुन्हा येतो, अशी खबर त्याने आणली. हवालदारांनी ही भूमिगतांची खूण असल्याचं ठरवूनच टाकलं आणि बोटांना लाल रंग दिसला एवढ्यावर एका रंगाऱ्याला धरून आणलं. बिचाऱ्याने अर्धा दिवस शपथा घेतल्या.

मी स्वतः बाजारतळावर जाऊन ठिपका नखाने खरवडला. लाल भुकटीखाली मेण होतं. माझी आई रोज न्हाऊन आली की कपाळाला आधी मेण लावी आणि त्यावर कोरडं कुंकू. मग मी बाकीचे कागद पाहिले. ठिपका सगळीकडे दोन भुवयांच्या मधोमध होता. हे काम रंगाऱ्याचं नव्हतं, भूमिगतांचंही नव्हतं. रंगाऱ्याला चहा पाजून सोडून दिलं.

पुढच्या बाजारी कासाराच्या दुकानापाशी साध्या वेषातला शिपाई बसवला. भर दुपारी त्याने एका तरुण शेतकरणीला धरलं. तिच्या कनवटीला मेणाची डबी आणि कुंकवाची पुडी होती. बाईमाणसाला ठाण्याची पायरी चढवायची नाही हा माझा दंडक. म्हणून चावडीवर, पोलीस पाटलांच्या आणि तिच्या सासऱ्याच्या समोर जबाब घ्यायला बसलो.

तिने पदर कपाळावर ओढून घेतला. सासरा खाली मान घालून बसलेला. नवख्या माणसावर अशा वेळी आवाज चढवला की तो कायमचा मिटतो, हे मी तोवर शिकलो होतो. मी फोटोचा कागद तिच्यापुढे ठेवला आणि ही बाई तुझी कोण लागते एवढंच विचारलं. तिने पदर कपाळावरून मागे सारला.

“ती म्याच हाय, सायेब,” ती म्हणाली. “धनी माझं पलटनीत हायेत. जित्ते हायेत. मंग माझं कुंकू कुनी पुसलं?”

 पुढचं सासऱ्याने सांगितलं. मुलाने परमुलखातून पत्र पाठवून बायकोचा फोटो मागितला होता. ते सुनेला घेऊन नगरला गेले, नवं लुगडं नेसवून फोटो काढला आणि पाठवला. नंतर हे कागद लागले, आणि नेमकी तेव्हापासून मुलाची पत्रं थांबली. घरच्यांनी त्याच्या मरणाची तार दडवली असं गाव कुजबुजू लागलं. सवाष्ण म्हणून तिला कोणी बोलवेना. खुद्द तिलाही वाटू लागलं, की कागदावरचं कपाळ पांढरं राहिलं तर तिकडे नवऱ्याचं बरंवाईट होईल.

फोटोवाल्याला बोलावलं. आश्रमातल्या बायका कॅमेऱ्यासमोर बसायला राजी नव्हत्या, या सुनेच्या फोटोची मूळ काच, म्हणजे निगेटिव्ह, दुकानात पडून होती, तिच्यावर बारीक पेन्सिल फिरवून कुंकू आणि मंगळसूत्र झाकलं, असं त्याने निवांत सांगितलं. खेड्यातल्या बाईला कोण ओळखतंय, असंही म्हणाला. मला त्याचा भयंकर संताप आला. पण बसवायला कलम सापडेना. ती काच जप्त केली आणि त्याला लेखी समज दिली.

चिटणिसांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी तिच्यापुढे हात जोडले आणि सगळे कागद आजच फाडून टाकतो म्हणाले. ती घाबरीघुबरी झाली. “फाडू नका, जाळू बी नका. तोंड हाय माझं त्यात.”

शेवटी मास्तरांनी ओली पोती लावून एकेक कागद अलगद सोडवला आणि सगळे सासऱ्याच्या स्वाधीन केले. पुढच्या वेळी त्यांनी कागदावर विझलेली चूल छापली. ज्वारीची पोती थोडी कमी आली, पण आली. दया जागी करायला चेहरा लागतो, हे मास्तरांचं बरोबर होतं. पण ज्याचा चेहरा त्याला विचारायला हवं. गुन्ह्याच्या तपासातही मी हे पुढे पाळलं.

लढाई संपल्यावर एक फौजी बायकोला घेऊन ठाण्यात पेढे द्यायला आला. ती तीच होती. जखमी होऊन तो बरेच दिवस इस्पितळात पडला होता, म्हणून पत्रं थांबली होती. त्याने खिशातून घरून आलेला तिचा फोटो काढून माझ्या हातात दिला. अंगठ्याने चोळून चोळून कपाळावरचा ठिपका पार पुसून गेला होता. मी तिच्याकडे पाहिलं.

“ह्यांनी पुसलेलं चालतंय, सायेब,” ती म्हणाली.