भावोजींनी गाळलेलं पान

आमच्या भावोजींइतका भित्रा माणूस गोव्यात पेडण्यापासून डिचोलीपर्यंत शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो त्यांचाच विद्यार्थी निघेल. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. पेडण्याकडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. म्हणजे ज्या माणसाने देवासमोरची समई पेटवतानासुद्धा एक पाऊल मागे घेतलं, त्याने पोटापाण्यासाठी निवडलं काय, तर अ‍ॅसिड! "हे तुम्हांला सुचलं तरी कसं?" असं मी एकदा विचारलं, तर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "अरे, लॅबमध्ये निदान प्रत्येक बाटलीवर लिहिलेलं असतं, आत काय आहे ते. बाहेर कुठे असतं?"

त्यांच्या भयाचा कारभार सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलच्या भोंप्याबरोबर सुरू होतो. गरम उंडे घरात आले की सगळे चहात बुडवून मोकळे होतात. भावोजी आपला पाव मधोमध फोडून उजेडाकडे धरतात. आत आजपर्यंत पावाशिवाय काही निघालेलं नाही. "पण निघालं तर?" हा त्यांचा प्रश्न. बांगड्याचे काटे ते लॅबमधल्या चिमट्याने काढतात, आणि काढलेले काटे बशीच्या कडेला ओळीने लावतात, एखादा मागे राहिला नाही ना हे कळावं म्हणून. म्हापशाला जायला बसमध्ये चढले की गॅसचा कॉक आठवतो, मग कंडक्टरच्या शिव्या खात उतरतात. केरीच्या फेरीबोटीत एकदा आम्ही बरोबर होतो. हा गृहस्थ चपला हातात घेऊन मधोमध उभा. मी म्हटलं, "भावोजी, पोहता येतं?" म्हणाले, "नाही." "मग चपला काढून काय करणार?" "निदान चपला तरी राहतील."

आणि त्यांचा तो फोन! त्यांच्या घरून निघालेल्या प्रत्येक माणसाला तो येतो. "पोचलास काय रे?" पाहुणा असो, प्लंबर असो, वीजबिल द्यायला आलेला असो. एकदा मी त्यांच्याच दारापुढच्या बलकांवात बसून बुटाची नाडी बांधत होतो, तर खिशातला फोन वाजला. आतल्या खोलीतून भावोजी विचारत होते, पोचलास काय रे? मी वैतागून म्हटलं, "भावोजी, अजून उठलोसुद्धा नाही!" तर म्हणाले, "बरं, मग पोचल्यावर सांग."

अशा माणसाने पुस्तक लिहावं, आणि तेही जगाला फुकट वाटावं, हे आमच्या घराण्यातलं मोठंच आक्रीत. त्यात मी त्यांचा मेव्हणा, आणि माझं डिचोलीत कॉलेजच्या पाठ्यपुस्तकांचं दुकान! आमच्या धंद्याची गोम थोडक्यात सांगतो. पुस्तक निवडतो प्रोफेसर, छापतो प्रकाशक, आणि पैसे भरतो तिसराच, ज्याला कोणी काही विचारलेलं नसतं. प्रकाशक अधूनमधून धडे मागेपुढे करतो, निळ्या कव्हराचं हिरवं करतो आणि 'नवी आवृत्ती' म्हणून आणतो. झालं, थोरल्या बहिणीचं पुस्तक धाकटीला चालेनासं होतं. मला हे पक्कं ठाऊक आहे, कारण ते निळं आणि ते हिरवं, दोन्ही मीच विकलेली आहेत.

खाणी बंद पडल्या आणि खनिज वाहणारे ट्रक दारात उभे राहिले, तेव्हा सुर्ल्याच्या बाजूची ट्रकवाल्यांची मुलं भावोजींच्या वर्गात एका पुस्तकात चारचार डोकी घालून बसायला लागली. दुसऱ्या एखाद्याला कळवळा आला असता. भावोजींना भय वाटलं. "उद्या एखादं पोर पुस्तक नाही म्हणून कॉलेज सोडून गेलं, तर ते कोणाच्या डोक्यावर?" या एका भीतीपोटी त्यांनी तीन उन्हाळे घालवून पहिल्या वर्षाच्या प्रयोगांचं पुस्तक लिहिलं आणि इंटरनेटवर टाकलं. वर परवाना असा की कोणीही उतरवून घ्या, छापा, वाटा, हवे ते बदल करा. फक्त मूळ लेखकाचं नाव तेवढं राहू द्या. बाकी सगळं त्यांना पसंत होतं. नावाच्या अटीने मात्र त्यांची झोप उडाली. "नाव कशाला रे? चूक निघाली तर सरळ घरी येतील!"

लोक ताईला म्हणत, काय तुमच्या यजमानांचं मोठं मन, पुस्तक फुकट दिलं! ताई म्हणे, "फुकट कोणाला? तीन वर्षं मे महिन्यात मला माहेरचा आंबा मिळाला नाही." मी आपला थट्टेने बोलून गेलो की भावोजी, मेव्हण्याचं दुकान बसवायला पुस्तक लिहिणारे तुम्हीच पहिले. तर त्यांचा चेहरा पांढराफटक! तेव्हापासून दर जूनमध्ये ते माझ्या दुकानातून त्याच विषयाचं एक विकतचं पुस्तक घेऊन जात, भरपाई म्हणून. त्यांच्या कपाटात निळी, हिरवी, जांभळी अशी सगळी कव्हरं रांगेत उभी आहेत, एकही उघडलेलं नाही.

त्या फुकटच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती म्हणजे साक्षात भावोजी. निम्मा प्रयोग आणि निम्म्या सूचना. 'चष्मा घाला. घातला असेल तर हात लावून पाहा.' 'बाटलीचं तोंड आपल्यापासून दूर धरा; दूर म्हणजे मित्राकडे नव्हे.' 'अ‍ॅसिड नेहमी पाण्यात घालावे, थेंबाथेंबाने. पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीही नाही, कोणी सांगितले तरी नाही, मी सांगितले तरी नाही.' मुलं हसायची, पाठ म्हणून दाखवायची. पण मोबाइलवर पुस्तक उघडून लॅबमध्ये उभं राहता येत नाही, झेरॉक्स काढावीच लागते. सुर्ल्याची एक मुलगी धीर करून त्यांना म्हणाली, "सर, पुस्तक फुकट आहे, पण कागद फुकट नाही." तिने झेरॉक्सचा हिशेब सांगितला तेव्हा कळलं, पुस्तक माझ्या दुकानातल्या पुस्तकाच्या किमतीच्या जवळपास पडत होतं. भावोजी घरी गेले आणि कात्री घेऊन बसले. पुस्तक निम्म्यावर आणलं. मुलं खूश झाली आणि ती बारीक प्रत झेरॉक्सच्या दुकानांतून गोवाभर पांगली.

एका शुक्रवारी सकाळी मी नुकतं शटर वर केलं होतं. बघतो तर भावोजी दारात. अंगात घरातला शर्ट, पायांत दोन वेगळ्या चपला, आणि ओठ कोरडे. मला वाटलं, ताईला काही झालं. ते मेजाला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "रे, माका भय वाटता."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून हजारदा ऐकलं असेल. पण या वेळी ते हळू बोलले, म्हणून मी घाबरलो.

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी त्यांच्याच लॅबमध्ये त्या सुर्ल्याच्या मुलीने विचारलं होतं, "सर, पाणी वरून ओतायचं ना?" त्यांना वाटलं, पोरगी चेष्टा करते. तिने पुस्तकातलं पान दाखवलं. पानं वाचवायला भावोजींनी सूचनांचं अख्खं पान गाळलं होतं, दोन पायऱ्यांची एक केली होती, आणि त्या जोडकामात उलटं होऊन बसलं होतं: बीकरमध्ये तीव्र अ‍ॅसिड घ्या, त्यात पाणी ओता. शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे, असं केलं तर ते उकळून तोंडावर उडतं. जन्मात एकदाच या माणसाने सावधगिरी कमी केली, ती मुलांचे कागद वाचावेत म्हणून. आणि विद्यापीठाचा अभ्यासक्रम एकच असल्यामुळे हाच प्रयोग त्या आठवड्यात सगळ्या कॉलेजांत चालू होता.

"तुझं पुस्तक चुकलं तर तू काय करतोस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "प्रकाशक कळवतो. गठ्ठे परत जातात. कुठल्या कॉलेजात माल गेला हे मला ठाऊक असतं, मी फोन करतो." "आणि माझं?" विकलेल्या वस्तूच्या मागे पावती असते. फुकट दिलेलं कोणाच्या हातात गेलं, हे देणाऱ्याला कुठून कळणार? इंटरनेटवरची प्रत त्यांनी रातोरात दुरुस्त केली होती, पण कागदावरच्या प्रतींचं काय? शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही टाकलं होतं, मोठ्या अक्षरांत. पण भावोजी त्या ग्रुपवर रोज काही ना काही सावधगिरी कळवत असत, मोबाइल उशाशी ठेवू नका, अळंबी पारखून खा. त्यांचा संदेश कोणी उघडतच नसे.

येताना ते म्हापशाला बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्यांना विचारून आले होते. एकाने सांगितलं, "वाळपईच्या कॉलेजातली एक टीचर काल तुमच्या पुस्तकाचा गठ्ठा घेऊन गेली. आज प्रॅक्टिकल आहे म्हणत होती." आम्ही त्या कॉलेजात फोन लावला. क्लार्क म्हणाला, "सगळे वर्गावर आहेत, जेवणानंतर करा," आणि निरोप ऐकायच्या आत त्याने फोन ठेवला. मी शटर खाली ओढलं आणि स्कूटर काढली.

माझ्या स्कूटरवर भावोजी त्याआधी कधी बसले नव्हते. त्या दिवशी आपणहून मागे बसले. साखळी गाव ओलांडल्यावर मला कळलं की त्यांनी हेल्मेटच घातलेलं नाही. मागितलंसुद्धा नाही! बाजूला थांबून मीच ते त्यांच्या डोक्यात घातलं आणि हनुवटीखालचा पट्टा लावला, ते लहान मुलासारखे उभे राहिले. होंडा गावाच्या पुढे समोरून ट्रक अंगावर आल्यासारखे येत होते, मी मनात सातेरी देवीचं नाव घेत होतो, आणि मागून भावोजी एकच म्हणत होते, "डोळे रे. डोळ्यांत उडतं ते."

कॉलेजच्या फाटकाशी स्कूटर पुरती थांबायच्या आत ते उतरून धावले. एरवी बँकेत पेन मागायला घाबरणारा माणूस, ना शिपायाला विचारलं ना प्रिन्सिपलला, थेट लॅबचं दार ढकललं आणि ओरडला, "थांबा! कोणी काही ओतू नका!" मी मागून धापा टाकत पोचलो. जनेलातून येणाऱ्या उजेडात एक मुलगा बीकर धरून उभा, डोळ्यांवर चष्मा, आणि एक हात चष्म्यावर. लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासाच्या पैशावर, असलेली एक तरुण टीचर गोंधळून पुढे आली. भावोजींनी मेजावरची प्रत ओढून पान उघडलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

चूक तिथे नव्हती. होतं ते त्यांचं जुनं गाळलेलं पान, जसंच्या तसं. कोणी सांगितले तरी नाही, मी सांगितले तरी नाही.

टीचर म्हणाली, "सर, तुम्हीच ना ते? बारीक आवृत्तीत ती पायरी उलटी झाली होती. बदल करायची मुभा होती, म्हणून मी दुरुस्त केली आणि तुमच्या पहिल्या पुस्तकातल्या सूचना परत घातल्या. मी त्यावरच शिकले ना. त्या नसल्या की पुस्तक तुमचं वाटतच नाही."

"मग मला कळवलं का नाही?" भावोजींनी विचारलं.

ती खाली बघत म्हणाली, "भय वाटलं, सर. तुमची चूक कशी काढायची?"

भावोजी तिथल्याच एका स्टुलावर बसले आणि सगळ्या मुलांसमोर रडले. पोरं बिचारी इतकी घाबरली की एकाने त्यांच्यापुढे पाणी धरलं ते लांबूनच, थेंबही न सांडता.

तिची प्रत आता सगळीकडे चालते. मीही दुकानात त्या एका पानाच्या झेरॉक्सचा गठ्ठा ठेवला आहे. कोणी ती बारीक प्रत घेऊन दिसलं की पान हातात देतो. कुठून काही वाईट अजून कानावर आलेलं नाही. पण अजून किती बारीक प्रती कुठल्या लॅबच्या कपाटात पडल्या आहेत, हे कोणालाच ठाऊक नाही, आणि ते कधी कळणारही नाही. भावोजींचं सगळं भय आता त्या एका ठिकाणी जाऊन बसलं आहे. बाकी कशाला उरलंच नाही. पाव न फोडता खातात. परवा ताई म्हणाली, "गॅस हल्ली मीच बघते." बांगड्याचा काटा घशात अडकला तरी त्यांचं लक्ष नव्हतं म्हणे.

संध्याकाळी त्यांचा फोन मात्र येतो. "कोणी आलं होतं काय रे पान घ्यायला?" नाही म्हटलं तर, "बरं," म्हणतात आणि ठेवून देतात. गेल्या रविवारी पेडण्याला जाऊन आलो. घरी येऊन चपला काढल्या, हातपाय धुतले, फोन पुढ्यात घेऊन बसलो. वाजला नाही. शेवटी मीच लावला. म्हटलं, "भावोजी, पोचलो हां मी."

पलीकडून म्हणाले, "हय काय? बरं झालं रे बाबा, सांगितलंस ते."